आठ महिने आणि त्रेपन्न महिने

मंडळी, यावेळचा लेख थोडा लांबलाय आणि विषयही हसतखेळत वाचण्यासारखा नाही, तेव्हा चहाचा कप भरून घ्या आणि मगच बसा. विषय आहे पेरिटोनियल मेसोथेलिओमा. नाव पहिल्यांदा उच्चारताना जीभ अडखळते. आपल्या पोटात आतड्यांवर, यकृतावर आणि पोटाच्या भिंतीला आतून एक पातळ, गुळगुळीत, ओलसर अस्तर असतं. त्याला पेरिटोनियम म्हणतात, मराठीत उदरावरण. उलगडून पसरलं तर अंगावरच्या कातडीएवढं भरेल. त्या अस्तराच्या पेशींना होणारा हा कॅन्सर. तसाच कॅन्सर फुप्फुसाच्या आवरणाला होतो आणि मेसोथेलिओमा म्हटलं की सगळे तोच धरून चालतात. अमेरिकेत दोन्ही मिळून वर्षाला साधारण ३००० रुग्ण सापडतात. त्यातले पोटाचे शंभरात दहा-पंधरा. म्हणजे अख्ख्या अमेरिकेत वर्षाला तीन-चारशे.

मी यात का शिरलो? टीममधल्या एका मित्राच्या आत्याचा बायोप्सी रिपोर्ट आला. कॅन्टीनमध्ये तो म्हणाला, "अरे, तुला आकडेवारी कळते ना? एका ठिकाणी लिहिलंय वर्षभरसुद्धा नाही, दुसरीकडे लिहिलंय त्रेपन्न महिने. रोग एकच, मग खरं काय?" मी डॉक्टर नाही. पण एकाच गोष्टीचे दोन इतके वेगळे आकडे दिसले की ते कोणत्या डेटावरून काढलेत हे बघायची खोड आपल्या धंद्याने लावलेलीच असते. शोधत गेलो तर तो गेल्या साठेक वर्षांचा इतिहासच निघाला.

सगळ्यात आधी तो लहान आकडा.

जुलै १९८२ मध्ये हार्वर्डचा जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड याला हाच कॅन्सर निघाला, पोटाचाच. वय वर्षं ४०. उत्क्रांतीवर लिहिणारा मोठा लेखक. आपल्यापैकी अनेकांनी कॉलेजात असताना त्याची पुस्तकं चाळली असतील. ऑपरेशननंतर त्याने डॉक्टरांना विचारलं, यावर काय वाचू? वाचण्यासारखं फार काही नाही, असं उत्तर मिळालं. गडी चालायला लागल्याबरोबर विद्यापीठाच्या वैद्यकीय ग्रंथालयात गेला. तिथे कळलं की निदानानंतरच्या आयुष्याचा मध्यक, म्हणजे मीडियन, आहे ८ महिने.

यावर त्याने १९८५ मध्ये 'डिस्कव्हर' मासिकात एक निबंध लिहिला, 'द मीडियन इजन्ट द मेसेज'. मुद्दा साधा होता. ८ महिने मध्यक याचा अर्थ 'तू आठ महिन्यांत जाणार' असा नाही. निम्मे लोक त्याआधी जातात आणि निम्मे त्यानंतर. शिवाय डावीकडे शून्याची भिंत आहे, त्याच्या मागे कोणी जाऊ शकत नाही. उजवीकडे मात्र शेपूट कितीही लांब जाऊ शकतं. आपल्या सर्व्हरच्या रिस्पॉन्स टाइमचा आलेख आठवा, अगदी तोच आकार. फरक इतकाच की आपण ते लांब शेपूट कापायला धडपडतो आणि गूल्डला त्याच शेपटात जागा हवी होती.

हा भाग सगळ्यांना पाठ असतो. पण निबंधाचा शेवटचा मुद्दा फॉरवर्ड करणारे नेहमी गाळतात आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. कुठलाही आलेख ठरावीक परिस्थितीचा असतो. ते ८ महिने जुने उपचार घेतलेल्या लोकांचे होते आणि गूल्ड एका नव्या, प्रायोगिक उपचारावर होता. तो उपचार चालला तर त्याचा आलेखच वेगळा असणार होता. गूल्ड २० मे २००२ ला गेला, वयाच्या साठाव्या वर्षी, तोही वेगळ्याच कॅन्सरने. ८ महिन्यांच्या जागी २३८. जायच्या दोनच महिने आधी त्याचं चौदाशे पानांचं पुस्तक बाहेर पडलं होतं.

आता लगेच "बघा, जिद्द असली की झालं" असं कोणी म्हणू नका. एक माणूस म्हणजे एकच डेटा पॉइंट. त्याच काळात त्याच उपचारांवर असलेले जे दुसऱ्या वर्षी गेले, त्यांनी निबंध लिहिले नाहीत. जिद्द त्यांच्यातही असेलच. मला ही गोष्ट आवडते ती आकडा कुठल्या काळाचा हे विचारायला शिकवते म्हणून.

तर तो ८ महिन्यांचा काळ कसला होता?

या गाठीचं वर्णन १९०८ सालापासून सापडतं, पण पुढची कित्येक दशकं नावाजलेले पॅथॉलॉजिस्ट 'असा मूळ कॅन्सर नसतोच, दुसरीकडून पसरलेला असणार' असं म्हणत राहिले. चित्र पालटलं ते दक्षिण आफ्रिकेत. किम्बर्लीच्या टीबी हॉस्पिटलात स्लेग्ज नावाचा डॉक्टर होता. छातीत पाणी झालेले रुग्ण यायचे, टीबी धरून औषधं दिली जायची. शहराच्या पूर्वेकडून आलेले बरे व्हायचे, पश्चिमेकडून आलेले होत नव्हते. पश्चिमेला निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणी. हे म्हणजे एकाच डेटा सेंटरमधल्या मशीन्सवर येणाऱ्या बगसारखं झालं. लॉग वाचणारा माणूस जागा असला तरच लक्षात येणार. स्लेग्ज, वॅग्नर आणि मर्चंड या तिघांनी १९६० मध्ये छातीच्या मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण प्रसिद्ध केले आणि एक सोडून बाकी सगळ्यांचा अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध दाखवला. त्यात फक्त खाणकामगार नव्हते. लहानपणी खाणीजवळ राहिलेलेही होते.

पोटाचा संबंध त्यानंतर चारच वर्षांत लंडनमध्ये दाखवला गेला. आणि मग न्यूयॉर्कच्या माउंट सिनाईचा सेलिकॉफ. त्याने अमेरिका-कॅनडातल्या पाइपांना आणि बॉयलरना अ‍ॅस्बेस्टॉसचं वेष्टण घालणाऱ्या १७,८०० कामगारांची १९६७ ते १९७६ अशी दहा वर्षं नोंद ठेवली. २२७१ मृत्यू झाले. त्यात मेसोथेलिओमाचे १७५. आता बघा, या १७५ मध्ये छातीचे होते ६३ आणि पोटाचे ११२! धूळ श्वासातून आत गेलेली, आणि पोटाचे जवळजवळ दुप्पट. तंतू तिथे पोचतात कसे, गिळले जातात की लसिकावाहिन्यांतून जातात, यावर आजही वाद आहे.

आपला इथे काय संबंध? आहे. 'सिमेंटचा पत्रा' म्हणतो ना आपण, तो अ‍ॅस्बेस्टॉसचाच. युरोपियन युनियनमध्ये २००५ पासून सगळ्या प्रकारच्या अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी आहे. भारत अजून पांढरं अ‍ॅस्बेस्टॉस बाहेरून आणून पत्रे बनवतो. मुंबईत घाटकोपर-मुलुंडच्या पट्ट्यात याचे कारखाने होते. २००६ मध्ये 'क्लेमन्सो' ही फ्रेंच विमानवाहू नौका भंगारात काढायला गुजरातेत अलंगला निघाली होती. तिच्यातल्या अ‍ॅस्बेस्टॉसवरून एवढी बोंब झाली की फ्रान्सने तिला अर्ध्या वाटेवरून परत बोलावलं. सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच सांगितलंय की अशा कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षं जपा. ४० वर्षं अशासाठी, की तंतू आत गेल्यापासून रोग दिसेपर्यंत वीस ते पन्नास वर्षं जातात.

पण एक सांगून ठेवतो. पोटाच्या प्रकारात, विशेषतः बायकांमध्ये, अ‍ॅस्बेस्टॉसचा काहीच माग लागत नाही असं पुष्कळदा होतं. मित्राच्या घरी आत्याला आठवडाभर सगळे विचारत होते, माहेरी पत्र्याचं घर होतं का, शाळेवर पत्रे होते का. जणू काही बाईंनीच ओढवून घेतलंय. या चौकशीतून उपचार ठरत नाहीत. काही घराण्यांत बीएपी-१ नावाच्या जनुकातला दोष वारशाने येतो, हे २०११ पासून माहीत आहे, आणि तो तपासण्यात अर्थ आहे. माहेरच्या पत्र्यांचं कौल-कवाड काढण्यात नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण म्हणजे पोटाचा टीबी. पोट फुगतं, पाणी होतं, वजन उतरतं, स्कॅनमध्ये अस्तर जाड दिसतं. दोन्हींत अगदी हेच. बायकांमध्ये अंडाशयाचा कॅन्सरही असाच दिसतो आणि त्यासाठी करतात ती सीए-१२५ ही रक्ततपासणी इथेही वाढलेली येऊ शकते. म्हणजे स्लेग्जच्या किम्बर्लीतला प्रश्न आपल्या शहरांत अजून जिवंत आहे. दुर्बिणीतून तुकडा काढून, त्याला खास रंग देऊन बघितल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

सत्तरच्या दशकात निदान झाल्यावर करायचे काय, तर पोटातलं पाणी काढायचं, ते पुन्हा भरायचं, पुन्हा काढायचं. पोट उघडायचं आणि जमेल तेवढी गाठ काढून शिवायचं. शिरेतून केमो, कधी रेडिएशन. हा रोग पोटाबाहेर फारसा जात नाही, अगदी शेवटपर्यंत तिथेच राहतो. माणूस जातो तो आतडी आवळली गेल्यामुळे. आणि शिरेतून दिलेलं औषध सगळ्या अंगात फिरतं, नेमकं त्या अस्तरावर मात्र पुरेसं पोचत नाही. त्या ८ महिन्यांची ही गोष्ट.

यातून वाट काढली ती दुसऱ्या रोगांवर काम करणाऱ्या लोकांनी. हे मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात रंजक वाटलं. एवढ्या थोड्या रुग्णांसाठी स्वतंत्र संशोधन कोण करणार? सगळं उसनं आणलेलं.

पहिली उसनवारी एका इंजिनियरकडून. (कॉलर ताठ करा मंडळी! :-) ) अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत रॉबर्ट डेड्रिक नावाचा केमिकल इंजिनियर होता. किडनीच्या रुग्णांचं पोटातून डायलिसिस करतात ते माहीत असेल. पोटात पाणी भरायचं आणि अस्तरातून रक्तातली घाण त्या पाण्यात उतरू द्यायची. डेड्रिकने अंडाशयाच्या कॅन्सरसाठी याचं उलटं गणित मांडलं. औषध पाण्यात मिसळून पोटातच भरलं तर? मोठे रेणू अस्तरातून रक्तात हळूहळू जातात आणि रक्तातून यकृत-किडनी त्यांना भराभर बाहेर टाकतात. म्हणजे पोटात औषध दाट आणि बाकी शरीरात पातळ. एरवी ज्या डोसने माणूस कोसळेल तो डोस नेमक्या जागी देता येईल. हे गणित १९७८ मध्ये छापून आलं.

गणितात एक अट होती. पोटात भरलेलं औषध गाठीत जेमतेम दोन-तीन मिलिमीटर आत शिरतं. लिंबाएवढ्या गाठीला ते वरवर चाटून जाणार. म्हणून आधी सर्जनने मोठं सगळं काढायला हवं. हा विचारही अंडाशयाच्या कॅन्सरमधलाच. १९७५ मध्ये ग्रिफिथ्सने दाखवलं होतं की ऑपरेशननंतर मागे राहिलेली सगळ्यात मोठी गाठ जितकी लहान, तितकं आयुष्य जास्त.

तिसरी उसनवारी उष्णतेची. केंटकीतल्या लुइव्हिलमध्ये जॉन स्प्रॅटने यंत्र बनवलं, आधी कुत्र्यांवर चालवून पाहिलं आणि मग एका रुग्णाच्या पोटात गरम औषध खेळवलं. हे प्रसिद्ध झालं १९८० मध्ये. त्या रुग्णाला मेसोथेलिओमा नव्हता, स्यूडोमिक्सोमा होता. पोटात जेलीसारखा पदार्थ साठत जातो असा हा तितकाच दुर्मिळ रोग, बहुधा अपेंडिक्समधून सुरू होणारा. त्या रोगावरच पुढे वॉशिंग्टनच्या पॉल शुगरबेकरने आयुष्य घालवलं आणि १९९५ मध्ये अस्तर सोलून काढायची पद्धत टप्प्याटप्प्याने लिहून ठेवली. उजवी बाजू, डावी बाजू, ओटीपोट वगैरे सहा भागांत. तोपर्यंत अस्तर 'काढायची' गोष्ट आहे असं सर्जन लोक मानतच नव्हते.

या तिन्ही गोष्टी एकत्र केल्या की होतं ते आजचं ऑपरेशन, हायपेक. आधी अस्तर आणि त्याबरोबर ज्याच्यावर गाठी बसल्यात ते सगळं काढायचं. कधी प्लीहा, कधी पित्ताशय, आतड्याचा तुकडा, बायकांचं गर्भाशय आणि अंडाशय. मग ४१ ते ४३ अंशांवर तापवलेलं सिस्प्लॅटिनसारखं औषध तास-दीड तास पोटात फिरवायचं आणि काढून घ्यायचं. हे सगळं व्हायला सकाळची संध्याकाळ होते. अमेरिकेतले रुग्ण याला 'सगळ्या ऑपरेशनांची आई' म्हणतात.

शुगरबेकरच्या मंडळींनी यासाठी मोजमापाची एक पद्धत केली, ती आपल्या लोकांना आवडेल. पोटाचे १३ भाग पाडायचे आणि प्रत्येक भागाला शून्य ते तीन गुण द्यायचे. एकूण ३९. त्याला पीसीआय म्हणतात. हा झाला आधीचा स्कोअर. ऑपरेशन संपताना दुसरा, सीसी. काहीच दिसत नसेल तर शून्य, अडीच मिलिमीटरपेक्षा लहान कण राहिले तर एक, त्याहून मोठे राहिले तर दोन किंवा तीन. अडीच मिलिमीटरच का, तर औषध तेवढंच आत शिरतं! डेड्रिकच्या गणितातली अट थेट सर्जनच्या गुणपत्रिकेत येऊन बसली.

आता आकडे. २००३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने ४९ रुग्णांचे निकाल छापले. मध्यक आयुष्य ९२ महिने. वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो. मग पुढच्या ओळीत होतं, रोग पुन्हा डोकं वर काढेपर्यंतचा मध्यक १७ महिने. म्हणजे बरीच माणसं रोग परत आल्यावरही वर्षानुवर्षं जगली, पुन्हा ऑपरेशन, पुन्हा औषधं असं करत. 'बरा झाला' आणि 'जगतोय' यांत अंतर आहे आणि घरच्यांना ते आधी माहीत असलेलं बरं.

मित्राचा त्रेपन्नचा आकडा आला तो २००९ च्या अभ्यासातून. अनेक केंद्रांतले मिळून ४०५ रुग्ण. मध्यक ५३ महिने, आणि पाच वर्षं पार करणारे ४७ टक्के. ८ वरून ५३, म्हणजे साडेसहा पट. पण हा आकडाही आपल्या सवयीने उघडून बघूया. गंभीर गुंतागुंत झालेले ३१ टक्के. ऑपरेशनच्या आसपास दगावलेले २ टक्के. पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण सफाई जमली ती ४६ टक्क्यांतच, म्हणजे अर्ध्यांहून कमी. आणि सगळ्यात मोठी गोष्ट तक्त्यात नाहीच. ४०५ मध्ये यायला माणसाला ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचावं लागतं. ज्याचं हृदय कमजोर, ज्याच्या छोट्या आतड्यावर सगळीकडे गाठी पसरल्यात, ज्याचा प्रकार सार्कोमॅटॉइड म्हणजे सगळ्यात वाईट, अशांना सर्जन बहुधा सुरुवातीलाच 'नको' म्हणतात. ते ५३ च्या हिशेबात नाहीत. ८ च्या हिशेबात मात्र असे सगळे होते.

तेव्हा ८ आणि ५३ ही एकाच रांगेतली दोन माणसं नव्हेत. मित्राला हेच सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे त्रेपन्न खोटं?" खोटं नाही रे. पण आधी कळायला हवं की आत्या त्या ४०५ सारखी आहे का. प्रकार कोणता, एपिथेलिऑइड आहे का? पीसीआय किती? रोग पोटाबाहेर गेलाय का? ज्याने अशी ऑपरेशनं पुष्कळ केलीत अशा सर्जनला सफाई जमेलसं वाटतं का? हे कळेपर्यंत दोन्ही आकडे परक्याचेच.

आता माझी खरी खुसपट. समजा एका रिलीजमध्ये तुम्ही तीन बदल टाकले आणि सिस्टिम सुधारली. कशामुळे सुधारली? मॅनेजर म्हणेल चाललंय ना, हात लावू नका. :-) हायपेकचं तसंच आहे. मोठी सर्जरी, पोटात औषध आणि उष्णता, तिन्ही एकदम. हे सुटं करून बघायला रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे लागतात, आणि मेसोथेलिओमात इतके रुग्ण कुठून आणणार? म्हणून पुन्हा शेजाऱ्यांकडे बघायचं. २०१८ मध्ये नेदरलँड्सचा अभ्यास आला, अंडाशयाच्या कॅन्सरचे २४५ रुग्ण. सगळ्यांना सर्जरी, निम्म्यांना वर गरम औषध. मध्यक ३३.९ च्या जागी ४५.७ महिने. चला, उष्णता आणि औषधाचा उपयोग आहे! त्याच वर्षी फ्रान्सचा निकाल जाहीर झाला, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे २६५ रुग्ण. गरम औषध दिलेल्यांचा मध्यक ४१.७ महिने, फक्त सर्जरीवाल्यांचा ४१.२. म्हणजे काहीच फरक नाही, चांगली सर्जरी हीच खरी औषध. औषध वेगळं होतं, वेळ वेगळा होता, रोग वेगळा होता, त्यामुळे दोन्ही बाजू आपापला निकाल हातात धरून बसल्या आहेत. मेसोथेलिओमा या दोघांपैकी कोणासारखा वागतो हे ठरवणारा अभ्यास झालेला नाही. २०२१ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि ऑपरेशन झेपेल अशा रुग्णांसाठी सर्जरी आणि हायपेक हाच पहिला उपचार सांगितला. मला ते पटतं. पण हे अनुभवावरचं मत आहे, चिठ्ठ्या टाकून सिद्ध झालेलं नाही. सर्जनला तोंडावर विचारलं तर चांगला सर्जन हे स्वतःच सांगतो.

ज्यांचं ऑपरेशन होऊ शकत नाही त्यांचं काय? इथे उसनवारी छातीच्या मेसोथेलिओमाकडून. २००३ मध्ये ४५६ रुग्णांच्या चाचणीत सिस्प्लॅटिनला पेमेट्रेक्सेड जोडल्यावर मध्यक ९.३ वरून १२.१ महिन्यांवर गेला. २००४ पासून अमेरिकेत तेच ठरलेलं औषध झालं. या चाचणीतली एक गोष्ट मस्त आहे. सुरुवातीला औषधाचा विषारी त्रास इतका व्हायचा की रुग्ण दगावत होते. कारण शोधताना दिसलं की ज्यांच्या शरीरात फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ कमी, त्यांनाच ते बाधतं. चाचणी चालू असताना मध्येच सगळ्यांना ही दोन जीवनसत्त्वं सुरू केली आणि त्रास उतरला. मेडिकलच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या गोळ्या आणि इंजेक्शन! आजही पेमेट्रेक्सेडबरोबर त्या देतातच. बाकी पोटाच्या रुग्णांना हे औषध मिळतं ते छातीच्या अभ्यासाच्या आणि पोटाच्या थोड्या नोंदींच्या आधारावर. २०२० मध्ये इम्युनोथेरपीच्या दोन औषधांची जोडी मंजूर झाली, ६०५ रुग्णांत मध्यक १४.१ वरून १८.१ महिने. तीही छातीच्याच रुग्णांवरची चाचणी. पोटाचे रुग्ण तिच्यात नव्हतेच. डॉक्टर ती पोटाला वापरतात, पण तो आकडा पोटाचा म्हणून कोणी तुमच्यापुढे ठेवला तर जरा थांबा. आणखी एक पद्धत आहे, २०११ पासून जर्मनीत माणसांवर सुरू झालेली. दुर्बिणीच्या छोट्या भोकातून औषधाचा दाबाखाली फवारा मारायचा आणि काही आठवड्यांनी पुन्हा मारायचा. ज्यांच्या पोटात आज सर्जरी जमत नाही त्यांच्यासाठी. ती अजून चाचणीतच आहे.

शेवटी एक अगदी लहान अभ्यास, पण मला तोच सगळ्यात जास्त रेंगाळून वाचावासा वाटला. २०१८ मध्ये अमेरिकेत पोटाच्या मेसोथेलिओमाचे ८८ नमुने घेऊन एएलके या जनुकाची मोडतोड शोधली. ३ मध्ये सापडली. तिन्ही नमुने तरुण बायकांचे. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये हीच मोडतोड असलेल्या रुग्णांसाठी गोळ्या आधीच बाजारात होत्या, तिथे त्या नेहमीच्या उपचारात बसल्यात. म्हणजे ८८ पैकी ८५ जणांना या तपासणीतून काही मिळणार नाही आणि तिघींना कदाचित तोंडाने घ्यायची गोळी मिळेल. तपासणी होते ती बायोप्सीच्या त्याच तुकड्यावर, वेगळी सुई टोचावी लागत नाही. पण ती आपोआप होईल असं नाही, मागावी लागते. आत्याच्या फाइलमध्ये ती लिहिलेली नव्हती. मित्राने सोमवारी पॅथॉलॉजीत फोन करून तो मेणातला ठोकळा अजून जपून ठेवलाय का ते विचारलं. ठेवलेला होता.